चिंतामणरावांच्या खुर्चीवर बसणाऱ्या अर्थमंत्र्यांना

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया,


हे पत्र वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीहून लिहीत आहे. आमच्या गावाच्या नावापुढे ‘शहीद’ असं लिहिण्याची रीत आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, इथले लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. गोळीबार झाला, गावचे लोक पडले, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून ठाण्यातले पोलीसही मारले गेले. मग धरपकड, खटले, फाशीच्या शिक्षा. आष्टीच्या आणि तसाच उठाव झालेल्या चिमूरच्या कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं, गांधीजींनी शब्द टाकला, आणि १९४५ मध्ये उरलेल्यांच्या फाशीची जन्मठेप झाली.

मी याच भागात एका बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये पीककर्जाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालो. आपल्याला लिहायचं आहे ते आपल्या आधी आपल्या खुर्चीवर बसलेल्या एका माणसाविषयी आणि त्या खुर्चीकडून आमच्या गावाच्या असलेल्या अपेक्षेविषयी.

तो माणूस म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. आमच्याकडे ‘देशमुख’ म्हटलं की पहिलं नाव येतं भाऊसाहेबांचं, म्हणजे पापळच्या डॉ. पंजाबरावांचं. ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री होते आणि त्याच मंत्रिमंडळात अर्थखातं चिंतामणरावांकडे होतं. शेती एका देशमुखांकडे आणि तिजोरी दुसऱ्यांकडे, अशी ती काही वर्षं होती. भाऊसाहेबांच्या नावाने राज्य सरकार आजही पीककर्जावर व्याजसवलतीची योजना चालवतं. चिंतामणरावांचं नाव मात्र बँकेत आयुष्य काढलेल्या माणसांनाही सांगावं लागतं. मला याचं वाईट वाटतं.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनाच. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले ते निसर्गविज्ञान, त्यातही वनस्पतिशास्त्रात पारितोषिक. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. इथवरची कहाणी हुशार मुलाची आहे, आणि हुशार मुलं आपल्या देशात कमी नाहीत.

माझ्या दृष्टीने पुढची वीस वर्षं जास्त मोलाची आहेत. त्यांना प्रांत मिळाला तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आमचाच. डेप्युटी कमिशनर, जमाबंदी अधिकारी, मग नागपूरच्या सचिवालयात महसूल आणि वित्त सचिव. जमाबंदीचं काम म्हणजे काय ते ज्याने तलाठ्याचं दप्तर पाहिलं असेल त्याला कळेल. कुठल्या शिवारात काळी कसदार आहे, कुठे बरड, विहिरीला पाणी किती, पाच वर्षांत किती वेळा पीक हातचं गेलं, कोणाची जमीन सावकाराकडे अडकलेली आहे, हे बांधावर उभं राहून लिहावं लागतं. याच प्रांतात १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला. असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. सावकार आणि शेतकरी यांना मंडळासमोर बसवून किती देणं खरं आणि किती फुगवलेलं ते ठरवायचं, अशी ती व्यवस्था होती. ज्या प्रशासनाने हे सगळं पाहिलं, त्यात घडलेला अधिकारी पुढे देशाच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख झाला. बँकेचं शास्त्र तो नंतर शिकला, शेत आधी.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा सांभाळणारे अधिकारी, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव, डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख त्यांच्या जागी आले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. तारखा मी मुद्दाम देतो आहे, कारण त्यांच्यामध्ये आमचा १६ ऑगस्ट १९४२ येतो. आष्टीत गोळ्या सुटल्या त्या दिवशी हा मराठी माणूस ब्रिटिश सरकारच्या चाकरीत होता. ज्या प्रांताच्या पोलिसांनी आमच्यावर बंदुका रोखल्या, त्याच प्रांताच्या सचिवालयात काही वर्षांपूर्वी त्याची सही चालत होती. पुढे १९४४ मध्ये सरकारने त्याला ‘सर’ केलं. हे झाकून त्याची थोरवी सांगणं आमच्या गावाला शोभणार नाही. त्या ऑगस्टमध्ये तो आमच्या बाजूला नव्हता, असंच मी म्हणेन.

युद्धाच्या त्या वर्षांत ब्रिटनने इथून माल उचलला आणि मोबदला लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर जमा दाखवला. त्या आकड्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या आणि महागाईने माणसं भरडली. बंगालमध्ये तर दुष्काळाने लाखो मेली. लंडनमध्ये अडकलेलं ते येणं भारताच्या हाती यावं, हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा सगळ्यात मोठा आर्थिक प्रश्न होता. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारताच्या शिष्टमंडळाने तो जगासमोर मांडला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते. त्याच वर्षी त्यांचा मेघदूताचा मराठी पद्यानुवादही प्रसिद्ध झाला. दिवसा स्टर्लिंग आणि रात्री कालिदास, असा गव्हर्नर आपल्या देशाला लाभला होता हे आमच्या शाळांतून सांगितलं पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर फाळणीमुळे चलनाची आणि बँकेची वाटणी झाली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याच वर्षी जूनअखेर त्यांनी गव्हर्नरपद सोडलं आणि १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. गव्हर्नरची खुर्ची सोडून अर्थमंत्र्याच्या खुर्चीवर येणारे ते पहिले. दुसरे डॉ. मनमोहन सिंग.

आता आमच्या गावाच्या कामाची गोष्ट. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी सुरू केली. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५४ मध्ये अहवाल आला आणि देशाला आरसा दिसला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातलं जवळपास ७० टक्के सावकारांकडून, सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के, सरकारकडून ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांकडून फक्त ०.९ टक्का. शंभर रुपयांत बँकेचा एक रुपयाही नाही. गावाला बँक नव्हतीच, असाच त्याचा अर्थ.

या अहवालातूनच इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १ जुलै १९५५. अर्थमंत्री देशमुख होते. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा, आणि त्या मुख्यतः लहान गावांत, असं बंधन कायद्यानेच घातलं. नफा होईल तिथेच शाखा असा बँकेचा धर्म असतो. तो बदलायला लावणं सोपं नव्हतं. नव्या शाखांना सुरुवातीला होणारा तोटा भरून काढायला वेगळा निधी ठेवला, म्हणजे तोटा होईल हे आधीच मान्य करून पाऊल टाकलं. मी ज्या टेबलावर भाकरी कमावली, ते टेबल गावात आलं ते या विचारामुळे.

जानेवारी १९५६ हा महिना आपण, अर्थमंत्री म्हणून, एकदा नीट वाचावा अशी माझी विनंती आहे. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. १९ जानेवारीला त्याच आकाशवाणीवरून देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. १५४ भारतीय आणि १६ परदेशी विमा कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था एका वटहुकमाने सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यातून आपली एलआयसी उभी राहिली. नेहरूंच्या घोषणेविरुद्ध मुंबईत त्याच दिवसांत लोक रस्त्यावर उतरले होते, पोलीस गोळ्या घालत होते, माणसं मरत होती. आणि जानेवारी संपण्याआधी देशमुखांनी राजीनामा देऊ केला. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय देशाला सांगून झाल्यावर आठवडाही गेला नसेल.

त्यांनी गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मागितली. ती मिळाली नाही. जुलैमध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि लोकसभेत उभं राहून आपली बाजू मांडली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून घेतला गेला, आणि मेलेल्यांची चौकशीसुद्धा करायला सरकार तयार नाही, असा त्यांचा आरोप होता. समोर बसलेल्या पंतप्रधानांनी त्यांना मंत्री केलं होतं. तरी ते बोलले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर आमच्या भागात सगळ्यांचं एकमत कधीच नव्हतं. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती आणि ती मनात धरून बसलेली माणसं आजही आहेत. तेव्हा मुंबईसाठी राजीनामा दिला म्हणून आष्टीने त्यांना डोक्यावर घ्यावं, असं मी म्हणत नाही. मला भिडतं ते चौकशीचं. १९४२ च्या हिवाळ्यात सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी साठ दिवसांहून अधिक अन्न सोडलं होतं, ते चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून. तेव्हा सरकार परक्यांचं होतं. चौदा वर्षांनी सरकार आपलं होतं आणि चौकशी मागणारा माणूस त्याच सरकारचा अर्थमंत्री होता. जो १९४२ मध्ये आमच्या बाजूला उभा नव्हता तो १९५६ मध्ये, स्वतःची खुर्ची पणाला लावून, गोळी खाल्लेल्या माणसांच्या बाजूला आला. आष्टीच्या माणसाला याची किंमत कळते.

बँकेतून राजकारणात येण्याची वाट ब्रिटनमध्ये चांगली रुळलेली आहे. जॉन मेजर सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे बँकेत शिरले, नायजेरियापर्यंत गेले, अर्थमंत्री आणि मग पंतप्रधान झाले. बस चालवणाऱ्याचा मुलगा साजिद जाविद मोठमोठ्या गुंतवणूक बँकांत वर चढत गेला, अर्थमंत्री झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आपले सल्लागार काढून टाकण्याची अट मान्य नाही म्हणून बाहेर पडला. त्यांच्या जागी आलेले ऋषी सुनक गोल्डमन सॅक्समधून आलेले. माणसं कर्तबगार होती, जाविद यांच्या राजीनाम्यातही कणा दिसतो. पण यांचं बँकेचं ज्ञान शहरातल्या काचेच्या इमारतींत, रोखे आणि परकीय चलन यांच्या व्यवहारात मुरलेलं होतं. देशमुखांचं मुरलं ते आमच्या काळ्या मातीत. म्हणून त्यांना ०.९ टक्का हा आकडा झोंबला असणार, असं मला वाटतं.

बँक जाणणारे राजकारणी आमच्याकडेही झाले. २००२ मध्ये होम ट्रेड प्रकरण उघडकीला आलं, सरकारी रोख्यांच्या नावाखाली आमच्या भागातल्या जिल्हा बँकांचा पैसा बुडाला. नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात तिच्या त्या वेळच्या अध्यक्षांना डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षा सुनावली गेली. निकालाविरुद्ध ते वरच्या न्यायालयात गेले. मधल्या काळात ते राज्यात मंत्री झाले होते आणि आमच्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही. वर्धा जिल्हा बँकेला तर रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये परवानाच नाकारला. नागपूर आणि बुलढाण्याचं तेच. आपल्याच पक्षाच्या सरकारने त्या वर्षअखेर देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांना सावरण्यासाठी योजना आणली, त्याबद्दल आभार मानलेच पाहिजेत. पण बँक कोलमडली तेव्हा गावच्या सेवा सोसायटीचं दार बंद झालं. सोसायटीचा सभासद गटसचिवाकडे जायचा तो नाइलाजाने सावकाराच्या ओट्यावर बसला. आमचा वर्धा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच.

माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो. इकडे संत्रा, कपाशी, सोयाबीन, तूर. संत्र्याला आंबिया बहराच्या वेळी फळगळ लागली की वर्षाचं गणित कोसळतं. शेतकरी मार्चमध्ये कर्ज भरू शकत नाही, मग तो कोणाकडून चार दिवसांसाठी हातउसने पैसे घेऊन कर्ज ‘नवं-जुनं’ करतो. ज्याला तेही जमत नाही तो थकबाकीदार होतो. मग कर्जमाफी येते, किंवा बँक तडजोड करून खातं बंद करते. सरकारदरबारी तो मोकळा झाला. पण त्याच्या नावापुढे पत मोजणाऱ्या कंपनीच्या दप्तरात ‘तडजोडीने मिटवलं’ असा शेरा राहतो, आणि पुढच्या खरिपात तो सातबारा, आठ-अ घेऊन आला की संगणक त्याचा सिबिल स्कोअर दाखवतो आणि साहेब मान हलवतात. मी अशी माणसं परत पाठवली आहेत, कारण मला तसा आदेश होता. सरकारने दिलेली सवलतच त्याच्या अंगावर डाग होऊन बसते. पीककर्जासाठी सिबिल पाहू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे. शाखेतला अधिकारी मात्र राज्य सरकारचं ऐकत नाही, तो मुख्य कार्यालयाचं परिपत्रक पाहतो, आणि मुख्य कार्यालय आपलं मंत्रालय काय म्हणतं ते पाहतं. म्हणून हे पत्र आपल्याला.

दुसरं असं की खात्यात पीकविम्याचे, अनुदानाचे किंवा राज्याच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे जमा झाले की जुन्या थकबाकीपोटी खात्याला होल्ड लागतो. बाईला पैसे दिल्याचं सरकार सांगतं आणि बाई बँकेच्या काउंटरवरून हात हलवत परत जाते. याविरुद्ध सूचना निघतात, बातम्या येतात, दर वर्षी तेच पुन्हा.

आणि तिसरी गोष्ट ताजी आहे. १ मे २०२५ पासून राज्यात एकच ग्रामीण बँक झाली. नागपूरला मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक विलीन झाली आणि कारभार छत्रपती संभाजीनगरला गेला. कागदावर बँक मोठी आणि सशक्त झाली असेल. पण आष्टीच्या शेतकऱ्याचा निर्णय घेणारा माणूस त्याच्यापासून आणखी दूर गेला. विलीनीकरणाचा हिशेब करताना हे अंतर कोणी मोजलं का, हा माझा प्रश्न आहे.

देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून सात अर्थसंकल्प मांडले आणि त्यांच्याच काळात, १९५५-५६ पासून, अर्थसंकल्पाची कागदपत्रं हिंदीतही छापली जाऊ लागली. आपण त्यांच्यापेक्षा जास्त अर्थसंकल्प मांडले आहेत, एवढा अनुभव फार थोड्या अर्थमंत्र्यांच्या वाट्याला आला. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते हरले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाई त्यांच्या पत्नी झाल्या होत्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला ते गेले. एवढ्या आयुष्यातून मला आपल्यापुढे ठेवायची आहे ती त्यांची ग्रामीण शाखेमागची दृष्टी. बँकेने गावाला तपासावं यापेक्षा गावाला बँक मिळते की नाही हे तपासण्याची ती दृष्टी होती.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. पीककर्ज हे शेतावर द्या, स्कोअरवर नको. सरकारच्याच कर्जमाफीत किंवा तडजोडीत मिटलेल्या खात्यांचा शेरा पीककर्जासाठी विचारात घेऊ नये, असा लेखी आदेश आपल्या मंत्रालयातून सगळ्या बँकांना जाऊ द्या, तो मराठीत छापून प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लागू द्या, आणि तो मोडणाऱ्या शाखेची तक्रार कुठे करायची तेही त्यावर लिहू द्या. पीकविम्याच्या आणि सरकारी मदतीच्या पैशाला होल्ड लावणं थांबवा. बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्याला पहिलं एक वर्ष कुठल्या तरी तालुक्यात तलाठी आणि कृषिसहायकाबरोबर बांध फिरायला पाठवा, जसे कधीकाळी चिंतामणराव याच प्रांतात फिरले.

मृगाच्या आधी इथला शेतकरी बियाण्याच्या पैशासाठी बँकेत येतो. आदेश तोपर्यंत आमच्या शाखेत पोहोचला पाहिजे, महोदया. त्यानंतर आलेला त्याच्या उपयोगाचा नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
आष्टी (शहीद), जि. वर्धा